काढलेली अक्कलदाढ सोळा वर्षांनी परत आली? इंदूरचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

इंदूरात दातांचं क्लिनिक चालवून मला चौदा वर्षं झाली, आणि "ताई, काढलेली दाढ परत आली" हे वाक्य वर्षातून एक-दोनदा ऐकायला मिळतंच. बहुतेक वेळा पाच मिनिटांत उलगडा होतो. हे प्रकरण मात्र दोन महिन्यांहून जास्त चाललं आणि त्यातले पहिले सहा आठवडे निव्वळ माझ्यामुळे वाया गेले, म्हणून जरा सविस्तर लिहितेय. पेशंटला विचारूनच लिहितेय, नाव नाही, वय-धंदा थोडा इकडचा तिकडे केलाय. आपण त्यांना दादा म्हणू, मी तेच म्हणते.

दादा चाळिशीचे, नमकीनच्या होलसेल दुकानात हिशेब बघतात. घर मराठी, तीन पिढ्या इंदूरात, घरात आई, वहिनी आणि शाळेत जाणारा मुलगा. सकाळी पोहे, त्यावर शेव, त्यावर जिरावण मसाला, हे रोजचं. दिवसभर सुपारी. "तंबाखू नाही हं ताई, नुसती सुपारी," हे ते अशा थाटात सांगतात की जणू मी आता शाबासकी देणार. सुपारीनं तोंडातली कातडी हळूहळू ताठ होते, तोंड उघडेनासं होतं आणि पुढे कॅन्सरची भीती असते ती तंबाखू नसला तरी असतेच, हे मी त्यांना दर खेपेला सांगते आणि ते दर खेपेला मान हलवतात.

वरची उजवीकडची अक्कलदाढ त्यांनी तरुणपणी काढून घेतलेली. बाकी तिन्ही जागच्या जागी, काही त्रास नाही.

सुरुवात कशी झाली

२०२५ च्या जानेवारीत, गराडूचे, म्हणजे रात्री सराफा बाजारात तळून मिळणाऱ्या कंदाचे दिवस, रात्री साडेदहाला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला. मोबाइलच्या टॉर्चमध्ये काढलेला, अर्ध्या फोटोत जीभ, अर्ध्यात गाल, आणि खाली लिहिलेलं, "ताई दाढ काढलेल्या जागी काहीतरी कडक टोचतंय, सराफ्यात गराडू खाल्ला तेव्हापासून." मी जेवून उठले होते, फोटो मोठा करून बघितला, हिरडीत पांढरा ठिपका दिसला आणि मी लिहून टाकलं, "हाडाची कपची असेल, आपोआप निघून जाईल, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करा."

हे उत्तर एरवी चुकीचं नाही. दाढ काढल्यावर खड्ड्याच्या कडेचा हाडाचा बारीकसा तुकडा काही आठवड्यांत, कधी दोन-तीन महिन्यांत हिरडीतून वर येतो, जिभेला टोचतो, माणूस घाबरतो, आणि एक दिवस तो भाताच्या घासाबरोबर निघून जातो. पण हे सगळं दाढ नुकतीच काढलेली असेल तर. मी विचारलंच नाही की दाढ काढली कधी. "दाढ काढलेल्या जागी" एवढं वाचून मी धरून चालले की दुसरीकडे कुठेतरी हल्लीच काढली असणार. एका शब्दाचा प्रश्न होता, "कधी?", तो टाइप करायला दोन सेकंद लागले असते.

अडचण

फेब्रुवारीच्या शेवटी वहिनी त्यांना घेऊनच आल्या. तोपर्यंत ठिपक्याचं टोक झालेलं आणि ते टोक गालाकडे वळलेलं, तोंड मिटलं की गालाच्या आतल्या बाजूला घासायचं. तिथे जखम, साधारण एक सेंटिमीटरची, कडा पांढरट. वर यांनी त्यावर लवंगेचं तेल लावलेलं, कापसाचा बोळा करून रात्रभर, त्यामुळे आजूबाजूची कातडी भाजून निघालेली. लवंगेचं तेल दातातल्या किडीवर थेंबभर चालतं, उघड्या जखमेवर रात्रभर ठेवलं तर ते चटकाच देतं, पण हे कुणी सांगत नाही, सगळे फक्त "लवंग लावा" एवढंच सांगतात.

खुर्चीत बसल्या बसल्या दादांनी तीन गोष्टी एका दमात सांगितल्या. एक, दाढ परत उगवली. दोन, ज्यानं काढली त्यानं अर्धीच काढली, पैसे पूर्ण घेतले. तीन, भाच्यानं मोबाइलवर दाखवलं की जपानमध्ये दात परत उगवायचं औषध निघालंय, म्हणजे दात उगवू शकतात हे सिद्धच आहे.

वहिनींनी चौथी जोडली, "जखम बरी होत नाहीये, ताई." आमच्या दोघींच्या मनात काय आहे ते आम्हाला दोघींना कळलं, दादांना नाही.

मग मी विचारलं, दाढ काढली कधी? आठवेना. लग्नाच्या आधी एवढं नक्की. घरी आईंना फोन लावला, स्पीकरवर. आई म्हणाल्या, "अरे ग्रहणाच्या आठवड्यात नव्हती का काढली, दिव्यांच्या अवसेला पुरणाचे दिंड केले होते आणि तुला खाता येईना म्हणून रुसून बसला होतास." दिव्यांची अवस आणि ग्रहण एका दिवशी म्हणजे २२ जुलै २००९, ते खग्रास सूर्यग्रहण, त्याचा पट्टा इंदूरवरूनच गेला होता. केस पेपर हरवले तरी आयांकडे असतं सगळं.

सोळा वर्षं. म्हणजे हाडाची कपची वगैरे काही नाही. माझं जानेवारीतलं उत्तर तिथेच निकालात निघालं आणि ते मी त्यांना तोंडावर सांगितलं.

दाढ परत येते का, आणि मग हे काय आहे

पूर्ण काढलेली दाढ परत उगवत नाही, हे आधी सांगून टाकते. दुधाचे दात पडतात तिथे खालून पक्के येतात, ती एकदाच मिळणारी सवलत. दाढांना, म्हणजे सहाव्या-सातव्या-आठव्या नंबरला, दुधाचं कुणी आधी नसतंच, त्या पहिल्यांदा येतात तीच शेवटची खेप. जबड्यात लहानपणी दात बनवणाऱ्या पेशींची एक पट्टी असते, ती मागे मागे सरकत एकेक कळी सोडत जाते, शेवटची कळी अक्कलदाढेची, आणि काम झालं की पट्टी विरून जाते. मगरीची, शार्कची ती पट्टी जन्मभर कामावर असते, आपली रिटायर होते.

जपानचं म्हणाल तर ते खोटं नाही. क्योटोमध्ये २०२४ साली माणसांवर ट्रायल सुरू झाली, दाताची वाढ रोखणारं एक प्रोटीन असतं ते अडवायचं अशी कल्पना आहे, आणि पहिल्या टप्प्यात औषध सुरक्षित आहे का हेच बघायचं होतं. त्याचा दादांच्या तोंडाशी संबंध नाही, ते औषध घ्यायला दादा क्योटोला गेले नव्हते.

पण "दाढ परत येत नाही" एवढं सांगून पेशंटला घरी पाठवणं हीसुद्धा चूकच, कारण त्याच्या जिभेला काहीतरी लागतंय, ते खरं आहे. काय लागतंय ते शोधायचं. मी मनात यादी चालवली. कधी आधी काढलेली दाढ खालची असते आणि आलेली वरची, पेशंटला फक्त बाजू आठवते, हे सगळ्यात जास्त वेळा होतं. इथे नाही, अक्कलदाढांच्या चारही जागा मोजल्या. कधी मुळाचा तुकडा राहिलेला असतो, तो वर्षांनी वर सरकतो. कधी डॉक्टरनं मुद्दामच मुळं ठेवलेली असतात, खालच्या दाढेची मुळं जबड्यातल्या नसेला चिकटलेली असली की फक्त वरचा भाग कापून काढतात, नाहीतर ओठ बधिर व्हायची भीती. पण ती गोष्ट खालच्या जबड्याची, दादांची दाढ वरची. कधी सातव्या दाढेची मागची बाजूच हिरडी खाली गेल्यामुळे उघडी पडते आणि जिभेला नवीन वाटते. आणि कधी, क्वचित, ती पट्टी विरायच्या आधी आणखी एक कळी सोडून गेलेली असते. चौथी दाढ. आठव्याच्या मागे नववी. असे जास्तीचे दात वरच्या जबड्यात जास्त दिसतात.

प्रोबचं टोक लावून बघितलं. खरवडल्यावर हाड असेल तर खरखरीत लागतं, मुळाचा तुकडा असेल तर पिवळट दिसतो. हे गुळगुळीत होतं, चकचकीत, काचेसारखा आवाज आला. इनॅमल, म्हणजे दाताच्या डोक्यावरचं कडक कवच. मुळाला इनॅमल नसतं. म्हणजे तिथे एका दाताचं डोकंच बाहेर येत होतं.

जुनी फिल्म

त्याच दिवशी ओपीजी, म्हणजे दोन्ही जबड्यांचा एकत्र एक्स-रे, काढायला पाठवलं, संध्याकाळी मोबाइलवर आला. सातव्याच्या मागे एक छोटा दात, शंकूसारखा, मुळं एकमेकांना चिकटलेली, सायनसच्या, म्हणजे नाकाशेजारच्या हाडातल्या पोकळीच्या, तळाजवळ. मुळाचा तुकडा नाही, अख्खा स्वतंत्र दात.

आता दादांचा दुसरा मुद्दा, अर्धीच काढली. याचं उत्तर फक्त जुना एक्स-रे देऊ शकला असता. ते क्लिनिक कधीच बंद झालंय, डॉक्टर हयात नाहीत. मी सहज म्हटलं, जुनी फिल्म असेल तर बघा. दुसऱ्या दिवशी दादा वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन आले, देवघराच्या वरच्या फळीवर होती. एवढी वर्षं का जपली? तर ग्रहण बघायला. दाढेसाठी काढलेली फिल्म, त्याच आठवड्यात ग्रहण आलं, घरातल्या सगळ्यांनी गच्चीत उभं राहून तीच डोळ्यांना लावली (ढगांत काही दिसलं नाही म्हणे), मग २०२० च्या ग्रहणालाही तीच. बरोबर मधे, समोरच्या दातांवर, हळदकुंकवाचं बोट उमटलेलं.

ट्यूबलाइटसमोर धरली. उजवीकडे अक्कलदाढ, तिरकी, किडलेली. आणि तिच्या मागे वर, हाडाच्या सावलीत अर्धा बुडालेला, मुगाच्या दाण्याएवढा एक ठिपका. आधी माहीत नसेल तर दिसणारच नाही असा. तोच हा. आठवी दाढ वाटेतून गेली, जागा झाली, आणि हे साहेब वर्षाला केसभर सरकत सोळा वर्षांनी दारात आले.

इथे मला ठरवायचं होतं की दादांना काय सांगायचं. मेलेल्या डॉक्टरवर ढकलणं सोपं, त्यांना पाठीशी घालणंही सोपं. मला जे वाटतं ते मी सांगितलं: त्यांनी दाढ पूर्ण काढली होती, अर्धी ठेवली नव्हती. मागचा दाणा तेव्हा न काढणं शहाणपणाचंच, त्यासाठी वर हाड कापावं लागलं असतं, तेही सायनसच्या शेजारी, काही त्रास नसताना. पण दिसला असेल तर सांगायला हवं होतं, आणि फिल्मच्या पाकिटावर एक ओळ लिहायला हवी होती. दादा थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "म्हणजे पैसे परत मागायचे नाहीत." आम्ही दोघंही हसलो.

पर्याय

पण दात राहिला बाजूला, आधी जखम. सुपारी खाणाऱ्या माणसाच्या गालात दोन आठवड्यांहून जुनी जखम म्हणजे ती दाताच्या टोकानंच झालीये असं गृहीत धरायचं नाही. लगेच तुकडा काढून तपासायला पाठवायचा, की आधी टोक बोथट करून दोन आठवडे वाट बघायची? जखमेच्या कडा बोटाला मऊ लागत होत्या, खाली कडकपणा नव्हता, मानेत गाठ नव्हती, तोंड तीन बोटं उभी जातील एवढं उघडत होतं, आणि टोक बरोबर जखमेवरच बसत होतं. मी दुसरा मार्ग घेतला, पण तारीख ठरवून. त्या दिवशीच टोक घासून गोल केलं आणि वहिनींना सांगितलं, चौदाव्या दिवशी ही जखम भरलेली दिसली नाही तर पंधराव्या दिवशी बायोप्सी, त्यात चर्चा नाही. तारीख वहिनींच्याच फोनमध्ये टाकायला लावली. सुपारी बंद. लवंगेचं तेल बंद.

दाताचं काय करायचं यावर दादांचं म्हणणं, टोक घासलंत ना, आता टोचत नाही, राहू दे. यात तथ्य होतं. त्रास न देणारी दाढ उगाच काढू नये हे मीही मानते, इंग्लंडमध्ये तर २००० सालापासून सरकारी मार्गदर्शनच तसं आहे. पण हा दात गालाकडे वळलेला, खालच्या दाढेला टेकत नाही म्हणजे चावायच्या कामाचा नाही, ब्रश पोचत नाही, आणि सातव्याच्या नि याच्या फटीत पोह्यांची शेव अडकून सातव्याच्या मागच्या बाजूला कीड लागायला सुरुवात झालेली. एका बिनकामाच्या दातापायी चांगली दाढ जाणार होती. काढायचा ठरला.

मीच काढायचा का? खरं सांगते, मोह झाला. छोटा शंकूसारखा दात, चिमट्यात धरला की दहा मिनिटांचं काम वाटतं. पण वरच्या जबड्यातला सगळ्यात शेवटचा दात, मागे हाडाचं पातळ टोक, जोर चुकला तर ते टोकच दाताबरोबर हातात येतं, आणि सायनसला भोक पडलं तर पाणी प्यायल्यावर नाकातून येतं. जानेवारीत एकदा घाई करून झाली होती. सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा थ्री-डी स्कॅन, करून मी केस ओळखीच्या ओरल सर्जनकडे पाठवली. स्कॅनमध्ये मुळं आणि सायनसच्या मधे जेमतेम एक मिलिमीटर हाड निघालं, तेव्हा पाठवलं ते बरंच झालं.

काय केलं

चौदाव्या दिवशी जखम भरली होती, फक्त गुलाबी खूण उरलेली. वहिनींनी स्वतः टॉर्च धरून बघितलं.

मग तारखेवरून वाद. १९ मार्चला रंगपंचमी, राजवाड्यावर गेर, म्हणजे रंग उधळत निघणारी मिरवणूक, आणि दादांनी एक वर्ष चुकवलेलं नाही. त्यांना दोन दिवस आधी काढून मोकळं व्हायचं होतं. म्हटलं, नाकातोंडात गुलाल जाणार, शिंका येणार, आणि सायनसच्या शेजारी ताजा खड्डा असताना जोरात शिंकलात तर तो उघडायचा. आधी गेर, मग दाढ. हा एवढा एकच सल्ला त्यांनी विनातक्रार मानला.

गेरनंतरच्या आठवड्यात सर्जननं काढला. मी बाजूला उभी होते. जोर न लावता, हलके हलके सैल करत, पंचवीस मिनिटं. पूर्ण निघाला, मुळांसकट, नाक दाबून हळूच फुंकायला लावून बघितलं, हवा येत नव्हती, दोन टाके. दोन आठवडे नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून द्यायची, स्ट्रॉनं काही प्यायचं नाही. दादा म्हणाले, "उसाचा रस?" ग्लासनं, दादा.

पुढे काय झालं

खड्डा नीट भरला. सातव्याची कीड छोटी होती, मी भरून दिली. दात त्यांनी डबीत घालून घरी नेला, आईंनी तो कौलावर टाकायला सांगितलं, दुधाचे दात टाकतात तसा. घरावर कौलं नाहीत, स्लॅब आहे, मग गच्चीतल्या टाकीमागे टाकला.

सुपारी? एप्रिलपर्यंत बंद होती. आता "फक्त जेवणानंतर" आहे. इथे मी हरले असंच धरा.

ओपीजीत डाव्या बाजूलाही आठव्याच्या मागे वर एक तसाच छोटा दाणा आहे, हाडात, शांत. तो काढायचा नाही असं ठरवलं, पण ठरवलं ते लिहून ठेवलं, केस पेपरवर, त्यांच्या फाइलवर आणि वहिनींच्या फोनमध्ये. वर्षाला एकदा बघायचा.

परत अशी केस आली तर

फोटोवर निदान करणं मी बंद केलेलं नाही, ते शक्यच नाही, निम्मा गाव फोटोच पाठवतो. पण आता माझं पहिलं उत्तर म्हणजे तीन प्रश्न असतात, कधी काढली, वरची की खालची, एक्स-रे आहे का, आणि दोन आठवड्यांहून जुनी जखम असेल तर फोटो बघायचाच नाही, सरळ बोलवायचं. दादांना पहिल्या रात्रीच हे विचारलं असतं तर गालाची जखम झालीच नसती.

जखमेच्या बाबतीत मात्र अजून माझ्या मनात दोन मतं आहेत. सर्जनचं म्हणणं होतं, सुपारीवाला पेशंट आहे, पहिल्याच दिवशी तुकडा पाठवायचा होतास. जखम भरली म्हणून माझा निर्णय बरोबर ठरला असं मी म्हणणार नाही. वहिनींसारखं कुणी तारीख धरून बसणारं घरात नसतं तर मीही पहिल्याच दिवशी पाठवला असता.

वहिनी परवा मुलाला घेऊन आल्या होत्या, याचाही ओपीजी काढायचा का म्हणून. जास्तीचे दात कधी कधी घराण्यात चालतात, शंका रास्त आहे. पण त्याला सध्या काही त्रास नाही, म्हटलं अठरा-एकोणीसला अक्कलदाढा बघायला तसाही काढू, तेव्हा मागेही नीट बघीन. जाता जाता मुलानं विचारलं, बाबांची ती जुनी फिल्म द्याल का, २०२७ च्या ऑगस्टमध्ये परत ग्रहण आहे. त्याला सांगितलं की एक्स-रे फिल्ममधून सूर्य काळा दिसतो पण न दिसणारी किरणं आरपार जातात, डोळ्यातला पडदा भाजला तर दुखतसुद्धा नाही, ग्रहणाचा चष्मा मिळतो तो घे. फिल्म दादांच्या फाइलला लावलीये, कुंकवाच्या बोटासकट.